दोन फूट बागायत

तकाशी अमानो या जपानी गृहस्थांनी माझं जाणूनबुजून काही वाकडं केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९५४ साली निइगाता भागात जन्मलेला हा माणूस सुरुवातीला व्यावसायिक सायकलपटू होता. मग छायाचित्रकार झाला. पुढे १९८२ मध्ये स्वतःची कंपनी काढून त्याने काचेच्या पेटीत, पाण्याखाली, डोंगर, दऱ्या नि हिरवी कुरणं उभी करायला घेतली. २०१५ मध्ये तो वारला, आणि त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने उभी केलेली ४० मीटर लांबीची टाकी लोकांना खुली झाली. तिचा व्हिडिओ मी रात्री अंथरुणात, बायको झोपल्यावर, आवाज बंद करून पाहिला. हिरव्यागार गवतावरून चिमुकल्या माशांचे थवे वळत होते. मला वाटलं, चाळीस मीटर राहू दे, आपल्याला दोन फूट बास झाले.

इथे थोडा पूर्वेतिहास सांगायला हवा. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. शेती आपल्याला जमायची नाही, हे मी मिसरूड फुटायच्या आतच घरात जाहीर केलं होतं. औषधाच्या वासाने माझं डोकं उठतं, रात्री मोटर चालू करायला जाणं होत नाही, आणि पाऊस येणार की नाही या एका विषयावर चार माणसं दिवसभर बोलू शकतात हे मला सोसत नाही. म्हणून मी पुण्यात येऊन विम्याच्या कचेरीत बसलो. जमीन दादाकडे राहिली. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण ते लग्नपत्रिकेत असतं तेवढ्यापुरतंच. शेतीतून सुटलो, असं मी बरीच वर्षं समजून होतो.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "प्लांटेड करायचंय? साहेब, त्यापेक्षा प्लॅस्टिकची झाडं घ्या. धुता येतात, मरत नाहीत." मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. अमानो त्याने पाहिलेला नसावा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण त्यात साधारण ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५६ किलो. वर काच, वाळू आणि दगड. थोडक्यात एक धट्टाकट्टा पाहुणा आपण टीव्हीच्या युनिटवर कायमचा बसवत असतो. तळाला काच कुठे एका बाजूने दाबली जाऊ नये म्हणून खाली थर्माकोलची शीट घालायची, हे मी वाचलं होतं आणि घातलीही. थर्माकोलखालच्या प्लायवूडबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. त्या वजनाने युनिटचा वरचा खण जो बसला तो आजतागायत उघडलेला नाही. घराचं इंडेक्स-टू त्यात आहे.

मग मातीचा प्रश्न आला. जपानी काळ्या गोळ्यांची माती मिळते, पण तिचा भाव ऐकून मी अमेरिकेकडे वळलो. डायना वॉलस्टॅड या बाईंनी १९९९ मध्ये ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की साधी माती घाला, वर बारीक खडीचा थर द्या, आणि झाडांना त्यांचं काम करू द्या. साधी माती! ती तर आमच्या गच्चीवर पोत्याने पडलेली होती. बायकोने टोमॅटोसाठी मुरवून ठेवलेली, शेणखत घातलेली, निंबोळी पेंड घातलेली. वॉलस्टॅडबाईंच्या कल्पनेतली साधी माती म्हणजे ही नव्हे, हे कळायला चार-पाच दिवस लागले. खडीतून टपोरे बुडबुडे येऊ लागले. बुडबुडा वर येऊन फुटला की हॉलमध्ये सडक्या अंड्याचा वास. हवा न मिळता सेंद्रिय पदार्थ कुजला की हायड्रोजन सल्फाइड होतो, त्याचा तो वास. बायकोने आधी फ्रीजमधली अंडी फेकली, मग कचऱ्याचा डबा धुतला, मग माझ्याकडे पाहिलं.

जपानी माती आणली. घरी निम्मी किंमत सांगितली. लाकडाचा ओंडका उकळायला तिचं बिर्याणीचं पातेलं घेतलं त्याबद्दल इथे विस्ताराने बोलत नाही, कारण त्या विषयावर घरात अजून सविस्तर बोलणं होतं. लाकूड कितीही उकळा, त्यातलं टॅनिन पुढे कित्येक आठवडे पाण्यात उतरत राहतं आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं.

आता टाकी तयार होती. माती, दगड, ओंडका, झाडं, दिवा, फिल्टर. फक्त मासे नव्हते, आणि महिना-दीड महिना असणारही नव्हते. याचं कारण मी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत असे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं खातात. हे जीवाणू फिल्टरमध्ये वस्तीला येईपर्यंत मासे सोडायचे नसतात. पाहुणे ऐकून घेत. मग टाकीत वाकून बघत आणि विचारत, "पण मासे कुठायत?"

"सध्या जीवाणू पाळलेत," मी सांगायचो.

सासरेबुवा त्यानंतर पाण्याचा पेला हातात घेताना तो उजेडाकडे धरून बघू लागले. शेजारच्या काकूंनी टाकी ईशान्येला हलवण्याचा सल्ला दिला. मासे घ्याल तेव्हा आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ घ्या, म्हणाल्या. काळा मासा घरावरची संकटं स्वतःवर घेतो. गोल्डफिश झाडं उपटून खातो, हे मी त्यांना सांगितलं. "मग झाडं काढा," काकू म्हणाल्या. तर्कात खोट काढता आली नाही.

झाडं काढायची वेळ तशीही आली नाही, ती आपणहून चालली होती. यातली बरीचशी झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखाली गेली की ती हवेतली पानं टाकून देतात आणि नवी पाण्यातली पानं काढतात. क्रिप्टोकोरीन नावाचं झाड तर नुसतं जागचं हलवलं तरी रातोरात विरघळतं. मला हे ठाऊक नसल्याने मी रोज ते उपटून, मुळं तपासून, नवीन जागी लावत होतो.

पानं गळाली आणि शेवाळ आलं. आधी काचेवर तपकिरी धूळ बसली. मग दगडांवर हिरवे केस उगवले. मग ओंडक्याला काळी दाढी फुटली. ‘ब्लॅक बिअर्ड’ हे तिचं अधिकृत नाव आहे आणि ती खरवडून निघत नाही. दिवा सहा ते आठ तास पुरे असतो. आमच्याकडे तो सकाळी चहाच्या वेळेपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत चालू असायचा, कारण बिल मी भरतो आणि टाकी मला दिसली पाहिजे. एवढ्या उजेडात झाडांना जेवायला मात्र काही नव्हतं, म्हणून सगळा उजेड शेवाळाने खाल्ला.

झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो. सिलिंडरचा खर्च डोळे फिरवणारा. पण कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घालून झाकणातून नळी काढली की तोच वायू फुकटात मिळतो. मी ती बाटली टाकीमागे लपवली. उन्हाळ्याचे दिवस, यीस्टला असा चेव आला की एका दुपारी फेस नळीतून चढून थेट टाकीत उतरला आणि बैठकीच्या खोलीत हातभट्टीचा घमघमाट सुटला. त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला दारात उभे. ते काही बोलले नाहीत. पुढच्या सभेत मात्र ‘सदनिकांचा वापर फक्त निवासी कारणासाठी’ हा नियम त्यांनी दोनदा वाचला.

तेव्हा उरलं खत. दुकानात झाडांच्या खताची एवढीशी बाटली मिळते, निळ्या झाकणाची, आणि तिच्यावर पाण्याखालच्या स्वर्गाचं चित्र असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत काय घातलंय ते वाचलं. पोटॅशियम नायट्रेट. मोनो पोटॅशियम फॉस्फेट. मी वाचता वाचता थांबलो. हे तर मी लहानपणापासून बघत आलो होतो. आमच्या गोठ्यामागच्या खोलीत याच्या थैल्यांची थप्पी असायची. नत्र १३ टक्के, स्फुरद शून्य, पालाश ४५: तेरा-शून्य-पंचेचाळीस. दुसरं शून्य-बावन्न-चौतीस. अख्ख्या सांगली-नाशिकची द्राक्षं यावर पोसली जातात.

मार्केट यार्डाकडच्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. ऑफिसचे कपडे, गळ्यात ओळखपत्र. काउंटरवर गर्दी होती.

"तेरा-शून्य-पंचेचाळीस आहे का?"

"आहे की. द्राक्ष का डाळिंब?"

"नाही, घरच्यासाठी."

"किती क्षेत्र?"

"दोन फूट."

मालकाने चष्मा कपाळावर सरकवला. "गुंठे?"

"फूट. दोन बाय एक."

माझ्यामागे पुरंदरकडचे एक टोपीवाले बाबा अंजिराच्या औषधासाठी उभे होते. ते शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "पुण्यात जमिनीचं भाव लईच वाढल्यात. आता फुटावर इकत्यात."

"ठिबकनं सोडणार का फवारणार?" मालकाने धंद्याचा प्रश्न विचारला.

"चिमटीने. पाण्यात. माशांच्या टाकीत आहेत झाडं."

"म्हणजे मासे विकता?"

"नाही, मासे असेच."

"मग पीक कसलं?"

"गवतासारखं असतं... विकायचं नाही. बघायचं."

यानंतर काउंटरवर जी शांतता पसरली तीत टोपीवाले बाबाच काय ते माणुसकीने वागले. "आसतंय एकेकाला," ते म्हणाले. मालकाने एक-एक किलोच्या दोन थैल्या काढून दिल्या. सुटं मिळत नाही. माझ्या टाकीला आठवड्याला दोन-तीन चिमटी पुरतात, तेव्हा हे खत माझ्या हयातीत संपणार नाही. मृत्युपत्रात त्याचा उल्लेख करावा लागेल. जाता जाता त्यांनी सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक पुडी गळ्यात मारली. त्यात लोह, जस्त, तांबं असं सगळं होतं. झाडांना ती मानवली. पण पुडी ओतताना माझा हात जरा सैल सुटला, आणि तांबं हे कोळंबीला विष असतं. लाल चेरी कोळंब्या मोठ्या हौसेने आणल्या होत्या. सकाळी सगळ्या आडव्या. शेजारच्या काकू भेटायला आल्या. घरावरचं संकट कोळंब्यांनी स्वतःवर घेतलं, म्हणाल्या. पुढे सोसायटीची टाकी धुतली गेली आणि टीसीएल पावडरचा वास मारणारं पाणी मी क्लोरीन मारणारं हायपो न घालता बदललं तेव्हाही काकू हेच म्हणाल्या. आमच्या घरावर एवढी संकटं चाल करून येत होती याची मला सुतराम कल्पना नव्हती.

खत लागू पडलं, हे मात्र खरं. झाडांनी उचल घेतली, शेवाळ मागे हटलं. त्यांच्यासोबत गोगलगायीही वाढल्या. त्या झाडांच्या पानांवरून अंड्याच्या रूपात फुकट येतात आणि जायचं नाव घेत नाहीत. दुकानदाराने त्यावर झेब्रा लोच नावाचा मासा दिला. पिवळसर अंगावर काळपट उभे पट्टे, तोंडाला मिशा, गोगलगाय शंखातून ओढून खातो. "फॉरेनचा माल आहे," तो म्हणाला आणि तसाच भाव लावला.

एवढं सगळं झाल्यावर दादा आला. दवाखान्याच्या कामासाठी आला होता, दोन दिवस राहणार होता. पहाटे हॉलमध्ये कसला उजेड म्हणून मी उठलो, तर तो मोबाइलचा टॉर्च लावून टाकीसमोर उकिडवा बसलेला.

"ह्ये काय लावलंयस रं?"

मी सांगितलं. रोटाला. चायनीज नाव वाटलं त्याला. त्याने काचेला नाक लावून पाहिलं. "आरं, ह्ये शिराळ्याच्या मामाच्या भातात आसतंय. पायात येतंय. तण इकत घेतलंस व्हय?"

रोटालाच्या जाती भातखाचरात तण म्हणून उगवतात, हे नंतर वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. जुडीमागे दीडशे रुपये दिले होते.

मग त्याचं लक्ष पट्टेवाल्या माशाकडे गेलं. "आणि ह्यो? ह्यो तर आपल्या नदीतला."

"दादा, तो फॉरेनचा आहे."

"व्हय व्हय. कोल्हापूर फॉरेनच हाय तुला आता."

त्याचंच बरोबर निघालं. बोटिया स्ट्रायाटा हा मासा फक्त सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांत सापडतो, कोल्हापूर-साताऱ्याकडे कृष्णेच्या खोऱ्यातही. १९२० मध्ये नारायण राव यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगभर हौशी लोक तो टाक्यांत पाळतात आणि इकडे नद्यांतून तो इतका कमी होत चाललाय की धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याला घोळक्यात राहायला आवडतं आणि दोन फुटांची टाकी त्याला अपुरी पडते, हेही त्याच वाचनात कळलं. म्हणजे घरचा माणूस मी परदेशी भावाने विकत आणून एका खोलीत कोंडला होता.

दादाने चहा तिथेच मागवला. चहा होईपर्यंत त्याने माझ्या बागायतीची पाहणी केली. लाल काडीच्या झाडाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "ह्ये बघ. नवं पान पिवळं, शिरा हिरव्या. फेरस कमी पडलंय." मग टाकीत थेट कोपरापर्यंत हात घातला, मला विचारलं नाही, आणि एकेक शेंडा नखाने खुडत गेला. "सबकेन कर की जरा. एकच काडी वर पळवत बसलायस. शेंडा मारल्याबिगार फुटवा कसा निगंल?" हे मी फोरमनसारखं उभं राहून बघत होतो. दिव्याची वेळ विचारली, मी सांगितली, त्याने कपाळाला हात लावला. जे एक द्रव्य सर्वांत कमी, तेवढीच वाढ. बाकीची कितीही ओता, ती वाया, हा लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम मी इंग्रजी व्हिडिओतून शिकलो होतो. दादाला लीबिग माहीत नाही. त्याने एवढंच सांगितलं की पोटात भूक एकाची न् वाढतोयस दुसरंच.

पंधरवड्यात प्रत्येक खुडलेल्या काडीला दोन-दोन फुटवे आले. टाकी पहिल्यांदाच अमानोच्या चित्राच्या आसपास कुठेतरी, म्हणजे त्याच खंडात, पोचली. बायकोने फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली लिहिलं, ‘भावजींनी केलं.’

दादाने जाताना माझा एक भार हलका केला. गप्पी. चार आणले होते. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की वीर्य साठवून ठेवते आणि पुढे नर नसला तरी कित्येक महिने पिल्लं देत राहते, साधारण महिन्याला एक खेप. मी नर-मादी वेगळे करण्याचा उपाय केला तो अर्थातच उशिरा. ऑफिसात वाटले, जिममध्ये वाटले, मुलीच्या शाळेत ‘जैवविविधता दिना’ला वाटले, शेवटी लोक मला बघून जिना बदलू लागले. फुकट तरी किती घेणार? डासांसाठी महापालिकाही गप्पी फुकटच देते. दादाच्या शेततळ्यात डासांच्या अळ्या झाल्या होत्या. त्याने पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये माझ्या टाकीतलं पाणी भरून घेतलं, त्यात ओंजळी-ओंजळीने गप्पी सोडले आणि स्वारगेटहून एसटीने गेला. कंडक्टरने कॅनचं लगेज लावलं, असं फोनवर सांगितलं.

त्या कॅनमधल्या पाण्यावर टिकलीपेक्षाही लहान अशी काही हिरवी पानं तरंगत होती. डकवीड. झाडांच्या जुडीतून माझ्याकडे आलेलं. खत आणि ऊन असलं की दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. माझ्या टाकीत मी ते रोज चहाच्या गाळणीने काढतो. दादाच्या शेततळ्याला ऊन भरपूर, आणि त्या पाण्यात खत किती मुरलंय ते वेगळं सांगायला नको.

दिवाळीच्या आसपास त्याचा फोन आला. आवाज बसलेला. शेततळं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत हिरवं झालं होतं. ठिबकचा फिल्टर दिवसातून चारदा उघडून धुवावा लागत होता, ऐन छाटणीनंतर पाणी द्यायच्या वेळेला. गप्पी मात्र खूश होते.

"आता ह्ये मारू कसं, सांग," तो म्हणाला. "तुला म्हाईत आसंल. तू लई झाडं मारल्यात."

मी माझा सगळा अनुभव पणाला लावला. दिवा बारा तास ठेवायला सांगणार होतो, पण तिथे सूर्य आहे. रोज उपटून नव्या जागी लाव, हेही लागू पडेना.

"गाळणी आहे का घरात?" मी विचारलं.

पलीकडून तो जे म्हणाला ते तासगावकडे भावाभावांत चालतं, छापता येत नाही.